चवड्यातला खडा

"मॅडम, चालता चालता असं वाटते का बुटात खडा गेला. काढून पाह्यते तं काहीच नाही. पाय चोळला का बरं वाटते, बूट घातला का पुन्हा तेच."

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि ताई उजव्या पायातला बूट हातात घेऊन, डाव्या पायावर भार देत माझ्या क्लिनिकात शिरल्या. वय ४४. राहायला झिंगाबाई टाकळीला, कामाला बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) एका कापडाच्या शोरूममध्ये, साड्यांच्या काउंटरवर. सात महिन्यांपासून उजव्या पायाचा चवडा दुखत होता. तिसऱ्या आणि चौथ्या बोटात मधूनच करंट मारल्यासारखी कळ जायची आणि त्या दोन बोटांच्या एकमेकींकडच्या कडा बधिर व्हायच्या. रात्री झोपेत काही नाही. सकाळी उठून टाकलेल्या पहिल्या पावलालाही काही नाही. दुकानात उभं राहून दोन तास झाले की सुरू.

मी नागपुरात फिजिओथेरपी करते. हे प्रकरण ताईंना विचारून लिहिते आहे. त्यांचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. लिहिण्याचं कारण असं की पायाच्या नसेच्या दुखण्यावर घरी करण्यासारखं खूप आहे, आणि ताईंनी त्यातलं बहुतेक सगळं माझ्याकडे येण्याआधीच केलं होतं. मनापासून, रोज, न कंटाळता. तरी दुखणं वाढतच गेलं. काय चुकत होतं ते शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले.

आधीचे सात महिने

पहिल्यांदा त्यांनी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायला सुरुवात केली. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग सासूबाईंनी काशाची वाटी काढली. तळपायाला तूप लावून वाटीने घासायचं, काळं निघालं की उष्णता निघाली म्हणायचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे आणि थकलेल्या पायाला त्याने सुख मिळतं यात शंका नाही. पण सासूबाई प्रेमाने नेमकी दुखऱ्या जागेवर, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी, वाटीची कड दाबून फिरवायच्या. "नस मोकळी व्हायला पाह्यजे ना," असं त्यांचं म्हणणं.

इथे थोडं थांबते, कारण या एका शब्दाने मी रोज अडते. मराठीत 'नस' म्हणजे रक्तवाहिनी, नस म्हणजे स्नायूची शीर, आणि नस म्हणजे मज्जातंतूसुद्धा. नस चढली, नस आखडली, नस दबली. तिन्ही वेळा दुखणं वेगळं असतं, पण उपाय आपण एकच करतो, चोळतो. आखडलेल्या स्नायूला चोळणं मानवतं. हाडांच्या मधे चिमटून आधीच सुजलेल्या मज्जातंतूला वरून आणखी दाबलं तर तो आणखी सुजतो. सासूबाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना 'नस' एवढंच सांगितलं गेलं होतं. कोणती, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

वाटीनंतर औषधाच्या दुकानातून आणलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या झाल्या. बी-१२ कमी असेल तर पायांना मुंग्या येतात हे खरं आहे आणि शाकाहारी घरांत ती कमतरता सर्रास सापडते. पण या गोळ्यांत बी-६ सुद्धा असतं, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर उलट त्यानेच नसांना इजा होते. ताई चार महिने, कुणालाही न विचारता, दिवसाला दोन घेत होत्या. शिवाय अधूनमधून वेदनाशामक गोळी, बऱ्याचदा उपाशीपोटी.

मग एका ठिकाणी कमरेची एमआरआय झाली. त्यात खालच्या मणक्यांमधली चकती किंचित पुढे आलेली दिसली. सायटिका ठरली, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी नस दबली असं मानलं गेलं, आणि तीन आठवडे कमरेला ट्रॅक्शन (वजनाने ताण) लावलं गेलं. चाळिशी ओलांडलेल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये अशी चकती दिसते. ताईंची कंबर कधी दुखलीच नव्हती. तीन आठवड्यांत पैसे गेले, रजा गेल्या, आणि चवडा जिथे होता तिथेच राहिला.

या सगळ्याच्या खाली एक भीती होती, ती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. ताईंच्या आईला साखरेचा आजार होता. पायाच्या बोटाला जखम झाली, कळली नाही, चिघळली, आणि मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) बोट काढावं लागलं. "मायचंही असंच सुरू झालं होतं का, मॅडम?" ताईंनी विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे नाही, स्वतःच्या पायाकडे बघत होत्या.

तपासणी

म्हणून सगळ्यात आधी तेच तपासलं. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा एक तंतू. डोळे मिटायला सांगून तो तळव्याच्या ठरावीक जागांवर वाकेपर्यंत टेकवायचा आणि कळलं का ते विचारायचं. दोन्ही पायांना सगळ्या जागी कळला. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला, थरथर व्यवस्थित कळली. घोट्याचा प्रतिक्षेप, म्हणजे टाचेमागच्या शिरेवर हातोडी टेकवली की पाऊल आपोआप हलणं, दोन्ही बाजूंना होता. पायाच्या नाड्या हाताला लागत होत्या. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) करायला सांगितलं; एचबीए१सी ५.४ आलं, म्हणजे साखरेचा आजार नाही. त्या दिवशी ताई रडल्या.

विदर्भात पायाच्या बधिरपणाची तपासणी कुष्ठरोगाची लक्षणं बघितल्याशिवाय पूर्ण होत नाही असं मी मानते. चंद्रपूर-गडचिरोली भागातून आजही रुग्ण येतात, आणि लवकर सापडला तर हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो. त्वचेवर फिकट, संवेदना गेलेला चट्टा आहे का, घोट्याच्या आतल्या बाजूची नस हाताला जाड लागते का, ते पाहिलं. दोन्ही नाही. घोट्याच्या मागे बोटाने ठोकून पाहिलं, तळव्यात झिणझिण्या गेल्या नाहीत, म्हणजे नस तिथे अडकलेली नव्हती. पाय सरळ उचलला, कळ आली नाही. कंबरही बाजूला झाली.

मग चवडा. एका हाताने तो दोन्ही बाजूंनी आवळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिसऱ्या-चौथ्या हाडाच्या मधली जागा खालून वर दाबली. आत काहीतरी टक् करून सरकलं आणि ताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "हेच. हाच तो खडा." याला मुल्डरची चाचणी म्हणतात, १९५१ साली तिचं वर्णन झालं. हाडांच्या टोकांवर दाबलं तर दुखत नव्हतं, मधल्या फटीत दाबलं तर दुखत होतं. हा फरक महत्त्वाचा, कारण हाडावरच दुखत असेल तर बारीक फ्रॅक्चरची किंवा सांध्याच्या दुखण्याची शंका घ्यावी लागते. अस्थिरोग तज्ज्ञांकडे पाठवलं, उभं राहून काढलेला एक्स-रे साफ होता, सोनोग्राफीत त्या फटीत ६ मिलिमीटरची गाठ दिसली.

रिपोर्टवर 'मॉर्टन्स न्यूरोमा' लिहिलं होतं. ताईंनी घरी जाताना बसमध्येच फोनवर शोधलं, शब्दाच्या शेवटी गाठींच्या नावांत असतं तसं 'ओमा' बघितलं आणि रात्री मला मेसेज केला, "कॅन्सर आहे का?"

नाही. ही खरं तर गाठही नव्हे. चवड्याच्या पाच लांब हाडांच्या मधून बोटांकडे मज्जातंतू जातात. तिसऱ्या फटीत, बऱ्याच माणसांत, तळव्यातल्या दोन वेगळ्या नसांच्या फांद्या एकत्र येतात, म्हणून तिथला तंतू जाड आणि कमी हलणारा असतो, असं मानतात. त्याच्या वरून, हाडांच्या टोकांना बांधणारा एक आडवा पट्टा जातो. चवडा दोन्हीकडून आवळला गेला की हाडं तंतूला चिमटतात. टाच उचलून बोटं मागे वाकली की तंतू ताणला जाऊन त्या पट्ट्याच्या कडेवर घासतो. असं हजारो वेळा झालं की तंतूभोवतीचं आवरण जाड होतं, जाड झालेला तंतू आणखी चिमटतो, आणि पायाखाली खडा असल्यासारखं वाटू लागतं. ड्युर्लाकर नावाच्या इंग्रज पाय-उपचारकाने १८४५ सालीच हे दुखणं लिहून ठेवलं होतं. नाव मात्र फिलाडेल्फियाच्या मॉर्टनचं पडलं, त्याचा लेख १८७६ चा.

दाब कुठून येत होता

इथून पुढे माझं काम डॉक्टरपेक्षा पोलिसपाटलासारखं होतं. दिवसभरात या पायावर कुठे कुठे काय होतं, ते विचारत बसायचं.

ताई अकरा वर्षं कापडाच्या धंद्यात आहेत. आधी इतवारीत, जुन्या पद्धतीच्या दुकानात. पांढरी गादी, त्यावर मांडी घालून बसायचं, गिऱ्हाइकासमोर साडी उलगडायची. पाय अनवाणी, चपला बाहेर. तीन वर्षांपूर्वी बर्डीवरच्या शोरूममध्ये आल्या. इथे गादी नाही, काउंटर आहेत. टाइल्सची गुळगुळीत कडक फरशी, साडेनऊ-दहा तास उभं राहणं. आणि दीड वर्षापूर्वी गणवेश आला, त्यासोबत सगळ्या मुलींना एकसारखे काळे बंद बूट, पुढे निमुळते, दोन इंची टाच. गादीवरून काउंटरवर आलेल्या बायकांची पाय-कंबरेची दुखणी मी गेली काही वर्षं बघते आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी त्यांना कोऱ्या कागदावर उभं केलं आणि उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग त्या आकृतीवर त्यांचा बूट ठेवला. बुटाच्या दोन्ही बाजूंनी पायाची रेघ बाहेर डोकावत होती, करंगळीकडे तर चांगली बोटभर. ताई बराच वेळ तो कागद बघत राहिल्या. तो त्यांनी घरी नेला आणि सासूबाईंना दाखवला. मी तासभर समजावलं असतं तरी झालं नसतं ते त्या कागदाने केलं.

बुटाच्या आत आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या बोटात जोडवी, शेजारच्या बोटात मासोळी. उघड्या चपलेत त्यांचा काही त्रास नसतो. आयुष्यभर घालून पाय छान असलेल्या कितीतरी आज्या आहेत. पण निमुळत्या बंद बुटात त्या चांदीच्या जाडीला जागा कुठून मिळणार? ती जागा तिसऱ्या-चौथ्या बोटाकडून घेतली जाते. मी 'काढा' म्हटलं नाही. फक्त कागदावर दाखवलं. सासूबाईच म्हणाल्या, "मासोळी ड्युटीवर काऊन घालते व? घरी आली का घाल." जोडवी मात्र राहिली, पातळ तारेची.

आणि तिसरं मला त्यांच्या पोटरीने सांगितलं. पोटऱ्या दोन्ही आखडलेल्या, उजवी जास्त. मी त्यांना उकिडवं बसायला सांगितलं. टाचा जमिनीला टेकेनात. सगळा भार चवड्यावर, बोटं पूर्ण मागे मुडपलेली. म्हणजे तंतू सगळ्यात जास्त ताणला जाईल नेमकी तीच अवस्था. रोज सकाळी अर्धा तास त्या असंच बसून कपडे धुवायच्या.

पॅड

उपाय ठरले ते साधे होते. पुढून रुंद, सपाट, मऊ तळाचे बूट. कपडे धुताना बसायला चौरंग. घरात ओट्याशी उभं राहताना मऊ स्लीपर. देवघरात जायची नाही, वेगळी धुवून ठेवलेली, यावर सासू-सुनेत एका रात्रीत तह झाला. पोटरीचा ताण: भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, मग तोच किंचित वाकवून ३० सेकंद, तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुकानातून आल्यावर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली गोठवून, पातळ कापडात गुंडाळून, चवड्याखाली आठ-दहा मिनिटं हलकी फिरवायची. गरम पाणी आणि वाटी त्या जागेपुरती बंद; टाचेला, घोट्याला वाटी फिरवायला माझी काहीच हरकत नव्हती, तसं मी सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. व्हिटॅमिनच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री एक आकडा लिहायचा, शून्य ते दहा.

बूट बर्डीवरच घेतले, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर. पाय संध्याकाळी थोडा सुजलेला असतो, बूट त्या मापाचा हवा. घेताना कागदावरची आकृती सोबत होती.

आणि पॅड. ६ मिलिमीटर जाडीच्या फेल्टचा (नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाचा), पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा तुकडा. बुटाच्या आतल्या पट्टीवर चिकटवायचा, चवड्याच्या हाडांच्या टोकांच्या मागे. तो हाडांना खालून किंचित उचलतो, हाडं पसरतात, फट मोकळी होते.

मी त्यांना तो क्लिनिकात चिकटवून दिला. आठवड्याने त्या आल्या तेव्हा कॅलेंडरचा फोटो होता: ६, ६, ७, ७, ८, ७, ८. माझ्याकडे आल्या तेव्हा ६ होता. बूट चांगले, चौरंग आलेला, पोटरी थोडी सैल झालेली, आणि दुखणं वाढलेलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर कळत होतं की आता विश्वास उडत चालला आहे. मलाही रात्री झोप लागली नाही, हे लिहायला हवं. इंजेक्शनसाठी पाठवायचं का, याचा विचार सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बोलावलं, बूट घेऊन. आतली पट्टी बाहेर काढली. पॅड मी लावला होता तिथे नव्हता. पावसात बूट भिजला, पॅड सुटला, आणि ताईंनी तो घरी पुन्हा चिकटवला होता. जिथे दुखतं तिथे, बरोबर खड्याच्या खाली. कुणीही तेच करेल. दुखतं तिथे मलम, दुखतं तिथे पट्टी, दुखतं तिथे वाटी. पण दुखऱ्या जागेखाली ६ मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे बुटात खराच खडा ठेवण्यासारखं झालं. चूक माझी होती. पॅड का आणि कुठे, हे मी दाखवलं होतं, पण सुटला तर पुन्हा कसा लावायचा ते शिकवलं नव्हतं.

मग ते शिकवलं. घरातलं ओलं कुंकू घेतलं. दुखऱ्या जागेवर, तळव्याच्या बाजूने, बोट टेकवून एक टिकली काढली आणि ताईंना बुटाच्या पट्टीवर जपून पाय ठेवून उभं राहायला सांगितलं. पट्टीवर लाल ठसा उमटला. पॅडची पुढची कड त्या ठशाच्या साधारण एक सेंटिमीटर मागे, टाचेच्या बाजूला. पेनाने कडेभोवती रेघ मारून ठेवली, म्हणजे पुन्हा सुटला तर जागा शोधायला नको. ताईंनी तिथेच माझ्यासमोर दोनदा काढून दोनदा लावला. मग बूट घालून खोलीत दहा-बारा फेऱ्या मारल्या.

"इथं काहीतरी आहे, मधी," त्या म्हणाल्या, "पण खडा नाही आहे."

पहिले तीन-चार दिवस पॅड जाणवतो, तळव्याला अनोळखी वाटतो. म्हणून पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज तासा-दोन तासाने वाढवत नेलं. त्यानंतरच्या आठवड्याचं कॅलेंडर: ६, ६, ५, ४, ५, ४, ३.

चवड्याच्या पॅडवर मोठ्या चाचण्या थोड्याच झाल्या आहेत, आणि सगळ्यांनाच तो लागू पडतो असं नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही महिने आराम पडतो हे चाचण्यांत दिसलं आहे, आणि त्याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहेच. तीत तो तंतू काढून टाकतात आणि त्या दोन बोटांच्या मधला बधिरपणा कायमचा राहतो. हे सगळं मी ताईंना सांगून ठेवलं होतं. तीन महिने घरचे उपाय नीट करून बघू, नाही जमलं तर पुढे जाऊ, अशी आमची बोली होती.

दुकान

शेठजींना मी एक चिठ्ठी लिहिली: बुटांच्या बाबतीत सवलत द्यावी आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला स्टूल द्यावं. बुटांना त्याच दिवशी होकार आला. काळे आहेत ना, मग ठीक आहे म्हणाले. स्टुलाला दोन आठवडे लागले. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून काम करणाऱ्यांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं, हे मी चिठ्ठीत लिहिलं नाही, ताईंनाच सांगितलं. त्यांनी ते दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं. शेवटी प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल आलं.

कोराडी

सहाव्या आठवड्यात आकडा २-३ वर स्थिरावला होता. तेव्हा ताईंनी विचारलं, "नवरात्रात कोराडीला पायी जाऊ का? अनवाणी. दरवर्षी जाते."

झिंगाबाई टाकळीहून कोराडीची जगदंबा आठ-दहा किलोमीटर. मोहल्ल्यातल्या बायका मध्यरात्रीनंतर निघतात, पहाटे काकड्याला पोचतात. मी नको म्हणणार हे गृहीत धरून त्यांनी युक्तिवाद तयार ठेवला होता: "अनवाणी असलं का बोटं तं मोकळी राह्यते ना मॅडम? तुम्हीच तं म्हणता आवळू नका."

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. अनवाणी पायाला बाजूंनी दाब नाही. पण डांबरी रस्ता कडक, पॅड नाही, आणि प्रत्येक पावलाला मागची टाच उचलताना बोटं वाकतातच. दहा किलोमीटरमध्ये किती वेळा, विचार करा. आम्ही मोजून ठरवलं. आधी तीन आठवडे रोज सकाळी बूट घालून चालायचं, वीस मिनिटांपासून पन्नास मिनिटांपर्यंत. आकडा ४ च्या वर गेला तर त्या आठवड्यात वाढवायचं नाही. नवरात्रात पॅड लावलेले बूट घालून जायचं, दर अर्ध्या तासाने बसून बूट काढायचे, आणि अनवाणी फक्त शेवटचा टप्पा. नवस मोडतो का, हे मी ठरवू शकत नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "देवीला पाय पाह्यजे का बूट, ते मी पाह्यतो." नागपुरी बोलीत कितीतरी बायका स्वतःबद्दल 'पाह्यतो' म्हणतात.

गेल्या. सोबतच्या बायकाही त्यांच्यासाठी दर अर्ध्या तासाने थांबल्या. मंदिराच्या अलीकडे बूट पिशवीत टाकले. त्या रात्रीचा आकडा ४. दुसऱ्या दिवशी बाटली, आराम, आकडा ३. चौथ्या दिवशी १.

तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा दाबल्यावर आतली टक् अजून होती, कळ नव्हती. बोटांच्या मधल्या कडेला किंचित बधिरपणा आहे, तो कदाचित राहील. दिवाळीच्या गर्दीत, बारा-बारा तास उभं राहिल्यावर, दोनदा ५ पर्यंत गेला आणि परत आला. इंजेक्शन सध्या लागलेलं नाही. सोनोग्राफी पुन्हा केली नाही, कारण गाठ तेवढीच दिसली असती आणि त्याने आमचं काही बदललं नसतं.

डिसेंबरात ताई दुकानातल्या एका बाईंना घेऊन आल्या. वय पन्नासच्या पुढे, पायांना मुंग्या, तळव्यांची आग. "माझ्यासारखंच आहे, मॅडम," ताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच फेल्ट कापून, कुंकवाचा ठसा घेऊन, त्या बाईंच्या दोन्ही बुटांत पॅड लावले होते. अगदी बरोबर जागी.

मी त्या बाईंना विचारलं, आग कधी होते? रात्री, पांघरूणसुद्धा नको वाटते. एका पायाला की दोन्ही? दोन्ही, सारखंच. मग विचारलं, चालताना कधी चप्पल पायातून निघून जाते आणि कळत नाही, असं होतं का?

"हो. परवाच बसमध्ये राह्यली. घरी आल्यावर समजलं."

मोनोफिलामेंट घेतला. अंगठ्याला कळला नाही. चवड्याला कळला नाही. डाव्या टाचेजवळ एक भेग होती, आत लाल झालेली. तीही त्यांना माहीत नव्हती. मी दोन्ही बुटांतले पॅड काढून बाजूला ठेवले, भेग धुवून झाकली, आणि गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत हे तीनदा बजावून त्यांना त्याच दिवशी साखर तपासायला डॉक्टरांकडे पाठवलं. ताई दाराशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. मग त्यांनी त्या बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "चाल, मी येतो संगं."